हिलाल आप्पांचा नारळ

कळसाडीचे हिलाल आप्पा पाणाडे. म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचं आणि नारळ उभा राहील तिथे खाली पाणी आहे असं सांगायचं. तीस वर्षांत त्यांनी दाखवलेले निम्मे बोअर कोरडे गेले. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: पाणी होतं, तुम्हीच मुहूर्त चुकवला. हे सांगताना आपलं आपल्यालाच हसू येतं, हे मात्र त्यांनी फक्त बायकोला, गजराबाईंना, कबूल केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी जमिनीखालचा गॅस शोधणारी एक कंपनी गावात आली. यंत्र लावण्याआधी पूजा ठरली आणि सरपंच नवनीतने आप्पांना नारळ घेऊन बोलावलं. दोधू नावाच्या शेतकऱ्याच्या बांधाजवळ कंपनीने आधीच चुन्याची फुली मारून ठेवली होती. ती न दिसायला आप्पा काही आंधळे नव्हते. फुलीवर पाय पडला आणि नारळ ताडकन उभा राहिला. कंपनीच्या साहेबाने टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. तो फोटो चौकटीत बसून आप्पांच्या ओसरीवर लागला. एवढी मोठी कंपनी, पण जागा कोणी दाखवली, असं आप्पा येईल त्याला विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे.

कंपनीने त्या फुलीवर खोल खोदलं. वर्ष उलटलं तसे गावातल्या बोअरच्या पाण्याला बुडबुडे येऊ लागले. वास घासलेटचा. आप्पांच्या म्हशीने हौदात तोंड घातलं आणि लगेच फिरवलं. गजराबाई दोन किलोमीटरवरून डोक्यावर पाणी आणू लागल्या. त्यांची मान दुखायची, आणि आप्पांना त्या चौकटीकडे बघवायचं नाही. ती उतरवण्याचं धाडसही होत नव्हतं.

ग्रामसभेला तहसीलदार आले. पाणी कंपनीने बिघडवलं, तर टँकरही तिनेच द्यावा, अशी गावाची मागणी होती. कंपनीच्या साहेबाने तोच फोटो मोठा करून आणला होता. जागा गावाच्याच जाणत्या माणसाने दाखवली, आम्ही फक्त खोदलं, मग टँकर आम्ही का द्यायचा, असं त्याचं म्हणणं. सगळं गाव आप्पांकडे बघू लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आप्पांच्या मनात आलं. गप्प बसावं तर गावाचं पाणी जातं, बोलावं तर तीस वर्षांचं नाव जातं. नाव तरी कसलं, निम्मे बोअर कोरडे, असा त्यांनी स्वतःलाच टोमणा मारला आणि ते उभे राहिले.

“नारळ आपसूक उभा ऱ्हायना नही,” ते म्हणाले. “मी अंगठाघाई रेटीसन उभा करा. नेहमीच करस. कंपनीनी चुनानी फुली पहिलेच मारेल व्हती. फोटोमा मन्हा पायखाले देखा.”

तहसीलदारांनी फोटो जवळ ओढला. आप्पांच्या चपलांखालून पांढरी फुली चांगली वीतभर बाहेर आलेली होती. आजवर सगळ्यांनी नुसता नारळच पाहिला होता. सभा पोट धरून हसली. दोधूचे दोन बोअर आप्पांनीच कोरडे घालवले होते, तो हसता हसता शिव्याही घालत होता. आप्पाही हसले, पण त्यांना फार लाज वाटली. पाण्याची तपासणी होईपर्यंत टँकर कंपनीनेच द्यायचा, असं तहसीलदारांनी लिहून दिलं.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. म्हैस हौदातून तोंड काढेना. गजराबाई हंडा भरून ओसरीवर आल्या, तर आप्पांनी चौकट उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. त्यांनी हंडा खाली ठेवला, पदराने काच पुसली आणि चौकट पुन्हा खिळ्याला लावली.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तीस वरीस नारळ धरा तुम्ही, पन पानी आज लागनं.”