सातच्या मालिकेची वही

एका मालिकेचे एवढे किस्से साठतील असं वाटलं नव्हतं. चांगल्या मालिकेचे साठत नाहीत. ती बघायची आणि जेवायला उठायचं. वाईट मालिका मात्र अंगाला चिकटते. आमच्या रत्नागिरीच्या मांडवीतल्या घरात ती दोन वर्षं चिकटली होती. मी वर्गात फारशी बोलत नाही, त्यामुळे हे कुणाला सांगितलेलं नाही. लिहायला मात्र सोपं जातं.

रोज संध्याकाळी सातला आमच्याकडे तिघी टीव्हीसमोर बसत. एक माझी आई. दुसरी शेजारची नलूमावशी. ती कोळंबी सोलायच्या कंपनीतून थेट येई, हाताला लिंबू चोळत. आणि तिसऱ्या समोरच्या घरातल्या कांबळे बाई. बाई निवृत्त शिक्षिका. आईला आणि मावशीला दोघींनाही त्यांनीच पहिलीत शिकवलेलं.

मालिकेत दोन बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. दोन्ही कामं नाटकात नाव कमावलेल्या, मानाच्या नट्यांनी केली होती. म्हणून तर आम्ही बघायला लागलो. आणि म्हणूनच चीड जास्त यायची.

*

थोरलीने मृत्युपत्र तांदळाच्या डब्यात लपवलं. पुढे चार महिने सगळे ते शोधत होते. कपाटं उपसली, गाद्या उसवल्या, पोलीस आले, कुत्रा आला.

शेवटी नलूमावशीचा तोल गेला. "अगो, चार महिन्यांत ह्या घरात एकदा पण भात शिजला नाय?"

"श्रीमंत लोक ते. पोळ्या खात असतील," आई म्हणाली.

"मग तांदूळ कशाला भरून ठेवलान मेलीने?"

*

एकदा वादळी वाऱ्यात खांब पडला आणि तीन दिवस लाइट नव्हती. लाइट गेली तेव्हा धाकटी एक भयंकर गुपित सांगायला जिना चढत होती. तीन दिवस तिघी हळहळल्या. गुपित नक्की फुटलं असणार!

चौथ्या दिवशी लाइट आली. धाकटी जिन्यावरच होती.

"बरं झालं लाइट गेली," मावशी म्हणाली. "तेवढ्यात चार पायऱ्या तरी चढली बिचारी!"

तिघी हसल्या. मी त्या नटीचा चेहरा बघत होते. कॅमेरा तिच्यावर तीनदा धावून आला आणि तिन्ही वेळा तिने डोळे मोठे केले. तिलाही कंटाळा आलेला स्पष्ट दिसत होता.

*

ह्याच सुमारास कांबळे बाईंना ऐकू येईनासं झालं. मशीन घेतलं होतं, पण ते कानात शिट्टी मारायचं. बाईंनी ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं.

आधी त्या विचारायच्या, "काय म्हणाली गं?"

आई हात हलवायची. "काही नाही हो बाई, नेहमीचंच."

हळूहळू त्या विचारेनाशा झाल्या. मग एक दिवस आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी आईने घावन देऊन मला पाठवलं.

बाई अंधारात बसल्या होत्या. कांबळे काका जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगा बोटीवर, सहा महिन्यांनी येणारा. मी आमच्या घराच्या दिशेने खूण केली.

"येऊन काय करू, सायली?" त्या म्हणाल्या. ऐकू न येणाऱ्या माणसांसारखं मोठ्याने म्हणाल्या. "सगळ्यांची तोंडं हलतात नुसती. घरात बसलं तर निदान भिंती तरी गप्प असतात."

बोलून उपयोग नव्हता. मी घरी जाऊन दप्तरातली एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर लिहिलं, 'मी सगळं लिहून दाखवते. चला,' आणि परत जाऊन त्यांच्यापुढे धरली.

बाईंनी वाचलं, चष्मा पुसला आणि पायात चप्पल घातली.

*

तेव्हापासून मी बाईंच्या बाजूला बसून संवाद लिहू लागले. बाई लाल पेन घेऊन येत. चाळीस वर्षांची सवय! वाक्य आवडलं की बरोबरची खूण करत. पहिले आठ दिवस एकही खूण झाली नाही. वही वाचून त्या जास्तच उदास व्हायच्या.

नवव्या दिवशी धाकटीचा नवरा मेला. ती त्याच्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी हरणार नाही. मी कधीच हरणार नाही. कारण मी हरणारी नाही!"

हे मला लिहवेना. बाई वाट बघत होत्या. मी लिहिलं, 'तुमची चप्पल मी दारातून हलवलेली नाही. येणाऱ्याला वाटावं, घरात अजून कोणीतरी आहे.'

लिहून झाल्यावर ते खोडावंसं वाटलं. कांबळे काकांची तपकिरी चप्पल समोरच्या दारात मी रोज बघत होते.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग लाल पेनाने खूण केली.

"लिहिणाऱ्याला कळतं हो," त्या एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी थांबले नाही. रोज थोडं खरं, बाकी माझं. चोरी करतेय असं वाटायचं. बाईंना कळलं तर त्या पुन्हा दार लावून बसतील, ह्या भीतीने माझं जेवणावरही लक्ष नसायचं.

*

एका संध्याकाळी मावशी भडकली. "कसली फालतू मालिका! एवढ्या मोठ्या नट्या, आणि बोलायला काय देतात त्यांना? शेणगोळे!"

तिच्या हातवाऱ्यांवरून बाईंना कळलं असावं. "फालतू? नलू, तू लक्ष देऊन ऐकतच नाहीस. पहिलीतही तुझं लक्ष खिडकीबाहेर असायचं."

मावशीने माझ्या खांद्यावरून वाकून वही वाचली. एक पान, दोन पानं. मी डोळे मिटून घेतले. आता सगळं बाहेर येणार!

मावशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपली खुर्ची टीव्हीसमोरून उचलली आणि माझ्या मागे आणून ठेवली.

*

मग थोरलीला अपघात झाला आणि ती बेशुद्ध पडली. तीन आठवडे नाकात नळी, डोळे मिटलेले.

"आयुष्यभर नाटकं गाजवलीन बाईने," मावशी म्हणाली. "आणि म्हातारपणी हे काम! झोपायला नटी कशाला हवी? माझी जाऊ बोलवा, दुपारभर हेच करते."

बाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणते?"

मी लिहिलं, 'काही नाही. बेशुद्ध आहे.'

बाईंनी वही परत माझ्याकडे सरकवली. "बेशुद्ध माणसाच्या मनात काही नसतं होय?"

त्या संध्याकाळी मी दीड पान लिहिलं. दोन खुणा मिळाल्या.

*

गेल्या महिन्यात मालिका बंद होत असल्याची जाहिरात लागली.

"सुटलो!" मावशी ओरडली. आईने टाळी दिली. बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी लिहिलं. हे मात्र खरं लिहावंच लागलं.

बाई मालिका संपायच्या आधीच उठून गेल्या. त्यांच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आमच्याकडे ऐकू आला. बाई आदल्या दिवशीपर्यंत दार नुसतं लोटून घेत असत.

शेवटच्या आठवड्यात धाकटीचं काम करणाऱ्या नटी रत्नागिरीला आल्या, शाळांच्या बक्षीस समारंभाला. आम्ही चौघी गेलो. कार्यक्रमानंतर त्यांना भेटायला रांग लागली. दोन वर्षं शिव्या घातलेली नलूमावशी पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "फारच सुंदर मालिका! एक भाग चुकवला नाही!"

"आमच्याकडे तर घरचंच माणूस झालात तुम्ही," आई म्हणाली.

त्या दमलेलं हसल्या. असं हसणं मी दोन वर्षं रोज सातला बघितलं होतं.

मग कांबळे बाई पुढे गेल्या. त्यांनी नटीचा हात धरला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "ते चपलेचं वाक्य! 'तुमची चप्पल मी दारातून हलवलेली नाही. येणाऱ्याला वाटावं, घरात अजून कोणीतरी आहे.' फार चांगलं म्हणालात. मला ऐकू येत नाही, पण ते मला पोचलं."

नटी गोंधळली. "हे... माझं वाक्य?"

मी जमिनीकडे बघत होते. पळून जायचं होतं, पण बाईंनी माझ्या हातातली वही काढून घेतली आणि नटीपुढे धरली. "ही लिहून दाखवते मला. तुम्हीही लिहूनच बोला."

त्यांनी वही उघडली. उभ्याउभ्या वाचायला लागल्या. मागची रांग कुरकुरली, तरी वाचतच राहिल्या. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "हे तू?"

मी मान हलवली.

त्यांनी माझं पेन मागितलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं, 'त्या वाक्याला माझा आवाज नीट लागला नाही, अशी रुखरुख होती. तुमच्यापर्यंत पोचलं. आज मला झोप लागेल.'

बाईंनी ते वाचलं, वाकून नमस्कार केला आणि माझा हात धरून बाहेर आल्या.

आई आणि मावशी मागच्या रिक्षात बसल्या. पुढच्या रिक्षात बाई आणि मी. मांडवीचा रस्ता लागला. तेव्हा बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, वही मांडीवर उघडली आणि नटीच्या वाक्याखाली बरोबरची ठळक खूण केली.

"मोठी नटी हो!" त्या म्हणाल्या. रिक्षावाल्याने दचकून मागे बघितलं. "किती सहज खोटं बोलली!"

मी त्यांच्याकडे बघितलं. बाई समुद्राकडे बघत होत्या.

"सोमवारी सातला येते मी," त्या म्हणाल्या. "ही वही भरली. दोनशे पानी आण."