सासूबाईंचा कोपरा

माझा नातू घरं बांधतो. मोडलेलं काँक्रीट छपरावर घातलं की खालची खोली थंड राहते, पंखा कमी लागतो, असं तो परवा मला समजावत होता. मी शहाण्यासारखं ऐकून घेतलं. बिचाऱ्याला काय सांगू, हा शोध मी सासूबाईंवर पाळत ठेवताना लावला होता!

हैदराबाद राज्याच्या वाटण्या होऊन मराठवाडा वेगळा झाला तेव्हा मी नवी सून, आणि अक्कल त्याहून नवी. हैदराबादेतच नारायणगुड्यात कुणाकडे तरी सिमेंटची स्लॅब पाहिली आणि नल्लकुंट्यातल्या आमच्या घराची चुन्याच्या काँक्रीटची जाडजूड गच्ची मोडायला लावली. हळदीकुंकवाला बायका येणार, अंगणात राडारोडा दिसायला नको, म्हणून थोडा परसात ढकलला, थोडा नव्या स्लॅबच्या एका कोपऱ्यात चढवला. वर कोण बघतंय!

उन्हाळ्यात घराचा तवा झाला. त्यातच धाकट्या दिरांची औरंगाबादला बदली झाली. सासूबाई म्हणाल्या, "मी त्याच्यासंगं जाते. इथं माझं भरीत होईल."

गल्लीतली निम्मी मराठी घरं तिकडे निघाली होती. मनसोक्त मराठीत भांडायला मला सासूबाई तेवढ्या एकट्याच उरल्या होत्या.

दुपारी त्या स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यातच पडायच्या. माझी खात्री, की माझ्या नि शेजारणीच्या चुगल्या ऐकायला! एकदा त्या देवळात गेल्या, तशी तिथून काय ऐकू येतं ते बघायला मी आडवी झाले. ऐकू काहीच आलं नाही, डोळा मात्र लागला.

"सापडली वाटतं माझी जागा!" सासूबाई डोक्याशी उभ्या.

"इथं एवढा गारवा कसा हो?"

"वर तुझा उकिरडा आहे ना!"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तोही उचलून फेकला असतास."

दुसऱ्याच दिवशी मी मजूर बायका बोलावल्या. परसातला राडारोडा फोडून, चुन्यात कालवून, गुळाचं पाणी शिंपडत त्यांनी साऱ्या स्लॅबवर घातला आणि गाणी म्हणत लाकडी थाप्यांनी बडवला. सासूबाई छत्री घेऊन वर. "आहिस्ता नक्को, जोर से मारो!"

दीर टांगा घेऊन आले. "आई, चल, गाडीची वेळ झाली."

वरून उत्तर आलं, "गच्ची ओली आहे. पाणी कोण मारील? ही? ही तर झोपते माझ्या जागेवर!"

टांग्यातून दीर एकटेच गेले. गच्ची कधीच पक्की झाली, तरी सासूबाई तिच्यावर पाणी मारतच राहिल्या.