कैच्यांच्या कारखान्यातली सुलूमावशी

यानचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, आखन शहराच्या बसमध्ये होते. यान म्हणजे सुलूमावशीचा मुलगा. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलतो जर्मन. त्या दिवशीही त्याने जर्मनमध्येच सांगितलं... आई सकाळी गेली, झोपेतच. मी नुसतीच "हो, हो" म्हणत राहिले आणि माझा थांबा कधीच मागे पडला. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. तरी रविवारी चहा झाला की हात फोनकडे जातो. ती वेळ तिची होती.

नात्याने ती माझी कोणी नव्हती. आम्ही नवराबायको पुण्याहून इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीला आलो, त्या पहिल्याच वर्षी गणपतीत ती भेटली. पांढरे आखूड केस, साधी सुती साडी आणि पायात चक्क कारखान्यातले जाड बूट. मी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर म्हणाली, "इथून जवळच, आयफेलच्या डोंगरात आमचा कैच्यांचा कारखाना आहे." मी भाबडेपणाने म्हटलं, "बरं झालं, माझी घरातली अगदी बोथट झालीय." ती इतकी हसली की ताटलीतला मोदक खाली पडला. "अगं, छपराची कैची! कौलांखाली लाकडाचे मोठे त्रिकोण असतात ना, ते. आमच्या चिपळूणचे सुतार त्याला कैचीच म्हणायचे." पुढच्याच शनिवारी तिने मला कारखाना दाखवला. करवतीवर कापलेली लाकडं लांबलचक टेबलावर मांडायची, सांध्यावर दातेरी पोलादी पत्रे ठेवायचे आणि प्रेसखाली दाबून ते लाकडात रुतवायचे. सगळीकडे ताज्या लाकडाचा वास. परतताना गाडीतून ती गावातली घरं दाखवत होती. "हे आपलं... ते पलीकडचंही आपलं." मला दिसत होती फक्त कौलं.

ती इथे स्थापत्य शिकायला आली, वर्गातल्या वेर्नरच्या प्रेमात पडली आणि त्याच्या वडिलांच्या सुतारकामाचा या दोघांनी मिळून कारखाना केला. छपराचं गणित तिचं, गिऱ्हाइकं आणि लाकडाची खरेदी त्याची. वेर्नर अचानक गेला तेव्हा यान अजून शिकत होता. दीर म्हणाले, विकून टाक. एक मोठी कंपनी घ्यायला तयारही होती. मावशीने घासाघीस केली नाही, फक्त सही करण्याआधी थोडा अवधी मागून घेतला आणि कायमचं राहायचं या विचाराने भावाकडे चिपळूणला गेली. आम्ही तिला निरोपाचं जेवणसुद्धा दिलं होतं.

पावसाळा संपायच्या आत ती परत आली. मी स्टेशनवर घ्यायला गेले. मग गाडीत बसल्यावर म्हणाली, "घरावर आता स्लॅब पडलाय गं. वहिनीने काही कमी केलं नाही. पण दुपारी सगळे झोपले की मी गच्चीवर जाऊन बसायचे आणि मला करवतीचा आवाज आठवायचा. इथे असताना तिथलं, तिथे असताना इथलं... मी कुठे बसू, सांग?" दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला नकार कळवला आणि वेर्नरच्या खुर्चीत न बसता शेजारी आपली खुर्ची लावून काम सुरू केलं.

आम्ही घर बांधलं तेव्हा कैच्या अर्थातच तिच्याकडून आल्या. छपराचा सांगाडा उभा राहिला की इथे रिश्टफेस्ट करतात. मुख्य सुतार वर उभा राहून घराला चार शब्दांचा आशीर्वाद देतो, पेला रिकामा करतो आणि खाली फेकतो. पेला फुटला की शुभ. आमच्या वेळी सुतार मावशीला म्हणाला, "शेफिन, आज तुम्ही." शेफिन म्हणजे मालकीणबाई. सगळे नको नको म्हणत असताना ती हेल्मेट घालून शिडी चढली. वर पोचून तिने पेला हातात घेतला. मग खणखणीत मराठीत म्हणाली, "या घरात भांडणं होऊ देत, पण ती जेवणाआधी मिटू देत. या घरातल्या माणसांना कुठे गेलं तरी परत यावंसं वाटू दे. आणि पोरांनो, आईला तिच्या भाषेत हाक मारत जा रे..." पेला खळकन फुटला. सुतारांनी काहीही न कळता टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी विचारत होती, "वास हात झी गेझाग्ट?" काय म्हणाली ती? खाली उतरल्यावर मावशीने माझा हात घट्ट धरला. "इतकी छपरं घातली, पण वरून मराठी आज पहिल्यांदा बोलले. खाली समजणारं कुणी होतं ना, म्हणून."

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात. बोलून दम लागायचा. म्हणाली, "तू बोल. काहीही बोल. भाजीचा भाव सांग." मी मेथी कुठे मिळाली ते सांगितलं, शेजारणीचं मांजर सांगितलं, सासूबाईंचे गुडघे सांगितले. ती डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले की बोट हलवायची... पुढे.

परवा यानने मावशीने घातलेल्या लोणच्याच्या बरण्या न्यायला बोलावलं. कारखाना आता तो चालवतो. शेडमध्ये क्रेनने एक लांबच लांब कैची उचलली जात होती. एका टोकाला मारेक, पोलंडहून आलेला कामगार, आणि दुसऱ्या टोकाला प्रेसवरची बाई. कैची अधांतरी झुलली आणि मारेक म्हणाला, "हालू... हालू..." पलीकडून ती बाई, "हालू." मी जागीच थबकले. मारेकला विचारलं, हा कुठला शब्द? तो म्हणाला, "माहीत नाही. मी आलो तेव्हापासून उचलताना सगळे हेच म्हणतात. इथल्या गावच्या बोलीतला असेल ना?"

मी यानकडे पाहिलं. तो मान खाली घालून हातमोजे काढत होता. मला मारेकला सांगायचं होतं की हे आमचं मराठी 'हळू' आहे, मावशीचं. एवढ्यात क्रेन पुढची कैची घेऊन आली. ट्रक भरेपर्यंत मी बरण्या छातीशी धरून तिथेच उभी राहिले.