म्हातारीचे नवे दात

"ऐकू येतंय का?" सुरू झाल्याबरोबर तो संगणक विचारायचा. बाई त्याच्या पत्र्यावर दोन टिचक्या मारायच्या. "येतंय माय, बोल."

त्या जुनाट संगणकाला आम्ही म्हातारी म्हणायचो. पूर्णा स्टेशनच्या मागं बाईंचं घर. कॉलेजात संगणक शिकवून निवृत्त झालेल्या. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय कीबोर्डला हात लावायच्या नाहीत, आणि एकदा लावला की जेवायला उठवणं मुश्कील. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

आमचं काम म्हणजे मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा कोड. कुणीही फुकट घ्यावा. तो कोड दुसऱ्यांच्या एका लायब्ररीवर, म्हणजे त्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, उभा होता. तिची नवी आवृत्ती निघाली की आम्हीही कोड बदलायचो. पण जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांचं बंद पडता कामा नये, हा बाईंचा हट्ट. म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा लिहा, दोनदा तपासा. कंटाळून दोन चांगली मुलं सोडून गेली. मलाही पटायचं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि मागं न बघता चढले म्हणूनच चढले.

"जुनं वापरतंय कोण, बाई?"

"वापरणारा काय सांगायला येतोय व्हय? बंद पडलं की मगच कळतंय."

एका दुपारी आमच्या कोडची नवी आवृत्ती लोकांसाठी सोडायची होती. जुन्या लायब्ररीवर तो चालतो का, हे म्हातारीवर तपासायचो. म्हातारी बोलली, टिचक्या वाजल्या. "म्हातारी हो म्हनली. सोड." मी सोडली.

चहा संपायच्या आत फोन आला. राणीसावरगावची एक सून, डोळ्यांनी दिसत नाही. संगणकाकडून पुस्तकं ऐकून बीएच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करायची.

"बाई, मशीन मुकं झालं वो. आपोआप कायतरी अपडेट झालं अन् गपच. परवा पेपर हाय माझा."

बाईंचा चेहरा उतरला. "असं कसं? म्हातारी तर बोलली."

मी म्हातारी तपासली. तिच्यात नवी लायब्ररी बसलेली होती. मागं कधीतरी बाईंनीच करून बघायला टाकलेली, आणि काढायची राहिलेली. जुन्या संगणकावर आम्ही नव्याचीच परीक्षा घेतली होती.

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "मीच तिला नवे दात बसवले, अन् मीच इचारलं, भाकर चावती का म्हनून."

फोन तसाच चालू होता. मशीन मुकं, म्हणजे त्या सुनेला स्वतः काही करता येईना. आम्ही दुरुस्त करून सोडलं तरच तिचं मशीन ते आपोआप घेणार.

"मागची आवृत्तीच परत सोडू," मी म्हणाले.

"मग नव्यावाल्यांचं बंद पडंल. एकीला बोलतं करायला दुसरीला मुकं करायचं व्हय?"

म्हातारी पूर्ण पुसली, जुनी लायब्ररी बसवली. आता तीही मुकी. बाई सांगत होत्या, मी लिहीत होते. चालू केली, गप्प. परत लिहिलं, परत गप्प. बाईंच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं. फोनवर मध्येच आवाज यायचा, "झालं का, बाई?" बाई मला पुढची ओळ सांगायच्या.

शेवटी म्हातारी बोलली, "ऐकू येतंय का?"

बाईंनी टिचक्या मारल्या, पण "येतंय" म्हणाल्या नाहीत. "मला नको इचारू. तिला इचार."

मी सोडलं. फोनकडं बघत बसलो. बऱ्याच वेळानं पलीकडून तोच आवाज आला, "ऐकू येतंय का?" आणि त्यावर ती सून ओरडली, "येतंय, बाई! येतंय!"

बाई उठून पाणी प्यायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

आता बाई नाहीत. म्हातारी पिंगळीला माझ्या घरी आहे. प्रत्येक वेळी तिला कोरी करून मगच तपासते. ती सून पदवीधर झाली, नवा लॅपटॉप आला, पण जुनं मशीन तिनं मोडीत घातलं नाही. सोडायच्या आधी तिकडंही लावून बघतो आम्ही.

परवा म्हातारीनं विचारलं, "ऐकू येतंय का?" मी टिचक्या मारायला हात उचलला. फोन चालू होता. माझ्याआधी राणीसावरगावहून, त्या सुनेच्या जुन्या मशीनच्या पत्र्यावर दोन टिचक्या वाजल्या.