डिसेंबरपर्यंत सरकारी नवरा

विवाह हा दोन जीवांना आणि दोन कुळांना कायमचा जोडणारा पवित्र संस्कार आहे, याबद्दल माझ्या सासऱ्यांच्या मनात कधीच शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की माझं आणि त्यांच्या मुलीचं लग्न झालंय की नाही.

सरकारच्या मते ते २००७ च्या मे महिन्यात झालं होतं. शिकागोबाहेरच्या नेपरव्हिलजवळच्या कोर्टात, एका सोमवारी, पार्किंगच्या दंडावरून भांडणाऱ्या दोन माणसांच्या सुनावण्यांच्या मधल्या वेळात. घाई माझ्यामुळे होती. मी २००१ साली पुण्याहून कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आलो. त्या व्हिसाला सहा वर्षांची मर्यादा असते, आणि माझ्या कंपनीने ग्रीन कार्डाचं काम सहाही वर्षं ‘पुढच्या क्वार्टरमध्ये बघू’ यावर ठेवलं होतं. सासऱ्यांची मुलगी इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. आमचं जमलं होतं महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. मी मसालेभात पुरे म्हणत असताना तिने तो वाढला आणि मी खाल्ला. लग्न ठरलेलंच होतं, पण डिसेंबरमध्ये. देवळाचा हॉल तेव्हा मोकळा होता, मुहूर्त तेव्हाचा होता आणि तिची नागपूरची आत्या तेव्हाच येणार होती. म्हणून सासऱ्यांनी तोडगा काढला: मेमध्ये कोर्टात सह्या करून ग्रीन कार्डाचा अर्ज टाकायचा आणि डिसेंबरमध्ये लग्न करायचं.

सह्या झाल्या त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला श्रीखंड-पुरी वाढली, आणि जेवण झाल्यावर माझं जॅकेट माझ्या हातात दिलं.

“डिसेंबरपर्यंत मी तुला अरे-तुरेच करणार हं,” त्या म्हणाल्या. “जावई झालास की मग अहो-जाहो.”

“पण काकू, आज लग्न…”

“ते कागदावरचं. गाडी नीट चालव.”

“आई, वी आर मॅरीड!” बायको जिन्यातून ओरडली.

“हो गं बाई. पण लग्न कुठे झालंय अजून?”

तेव्हा बायको तिच्या आईवडिलांच्या घरी, आणि मी माझ्या जुन्या अपार्टमेंटमध्ये, नागपूरच्या रूममेटबरोबर. रविवारी मला जेवायला बोलावत. दिवाणखान्यात लांब सोफा होता. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी बायको आणि मधे काका, म्हणजे माझे सासरे, हातात रिमोट घेऊन. सिनेमाला आम्हाला परवानगी होती. चौघांनाही.

काका सत्तरच्या दशकात आलेले इंजिनिअर. मंडळाचे माजी अध्यक्ष. ‘माजी’ हा शब्द ते स्वतः वापरत नसत. कोणत्याही प्रसंगी चार शब्द बोलण्याची त्यांना सवय होती, आणि प्रसंग नसला तर ते तो निर्माण करत. कोर्टातही न्यायाधीशांनी “अभिनंदन, पुढचे कोण?” असं विचारल्यावर पुढचे काका निघाले. अर्ज त्यांनीच भरला. “वकील कशाला? माझा मी भरला होता,” ते म्हणाले. त्यांचा अर्ज नोकरीतून होता, माझा लग्नातून. पण असल्या बारकाव्यांत ते शिरत नसत. “इंटरव्ह्यूला वर्षभर लागतं,” त्यांनी जाहीर केलं. “तोवर तुम्ही एकत्र राहत असाल. काळजीचं कारणच नाही.”

इंटरव्ह्यूचं पत्र सप्टेंबरात आलं. बोलावणं ऑक्टोबरचं. अमेरिकन सरकारने वेळेआधी केलेलं, माझ्या माहितीतलं हे एकमेव काम.

लग्न खरं आहे याचे पुरावे आणा, असं पत्रात म्हटलं होतं: एकत्र राहत्या घराचा करार, दोघांच्या नावावरची बिलं, फोटो. मी आणि रूममेट जमिनीवर बसून कागद लावू लागलो. थोड्या वेळाने त्याने एक कागद वर धरला.

“यार,” तो म्हणाला, “घराचा करार कोणाच्या नावावर आहे?”

“तुझ्या आणि माझ्या.”

“विजेचं बिल?”

“तुझं आणि माझं.”

“कारचा इन्शुरन्सही आपण एकत्र काढलाय, डिस्काउंटसाठी. नायगाऱ्याचे फोटोसुद्धा आपलेच आहेत बे. कागदावर तर तू माझ्याशीच लग्न केलंय.”

त्याला फार हसू आलं. मलाही आलं असतं, पण जुना व्हिसा संपला होता. अर्ज नामंजूर झाला तर मला बॅगा भरून पुण्याला जावं लागणार होतं, आणि डिसेंबरच्या लग्नात नवरा सोडून सगळे हजर असणार होते.

कोर्टातल्या लग्नाचे फोटो होते. ते एका अनोळखी माणसाने काढले होते, कारण कॅमेरा हातात असलेले काका स्वतः फोटोत यायला निघाले. प्रत्येक फोटोत मधोमध काका होते. डाव्या कडेला मी, उजव्या कडेला बायको. तिऱ्हाइताला वाटावं, काकांना कसलातरी पुरस्कार मिळालाय आणि आम्ही पाहुण्यांच्या सरबराईला आहोत.

इंटरव्ह्यूसाठी आम्ही सकाळच्या ट्रेनने शिकागोला गेलो. काका बरोबर आले. सूट, टाय आणि मंडळाचा बिल्ला लावून. त्यांना बाहेर बसवून आम्ही आत गेलो. अधिकारी बाई पन्नाशीच्या, गळ्यात साखळीला चष्मा. आम्ही सत्य बोलण्याची शपथ घेतली. त्यांनी फोटो पाहिले.

“मधले गृहस्थ कोण?”

“माझे वडील,” बायको म्हणाली.

“सगळ्यांत?”

“दे आर ऑल हिम, येस.”

मग त्यांनी घराचा करार उचलला. वाचला. माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही एका पुरुषाबरोबर राहता.”

“रूममेट आहे.”

“आणि पत्नी?”

“ती तिच्या आईवडिलांकडे.”

“भांडण झालंय?”

“नाही, नाही,” बायको म्हणाली. “बाबा अलाऊ करत नाहीत.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाच महिने लग्न झालेल्या, तिशीला टेकलेल्या, नोकरी करणाऱ्या दोन माणसांना एकत्र राहायला परवानगी नाही, हे वाक्य इंग्रजीत फार वाईट ऐकू येतं. बायकोच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती घाईघाईने म्हणाली, “ते बाहेरच बसलेत. विचारा हवं तर.”

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. उशीर झाला होता. बाई स्वतः उठून काकांना घेऊन आल्या. काका खुर्चीवर बसले नाहीत. एका हाताने टाय सारखा केला. मी ओळखलं, की आता चार शब्द होणार.

“मॅडम,” काका म्हणाले, “सर्वप्रथम मी आपले आभार मानतो. या दोघांचं लग्न अजून झालेलं नाही. जे झालंय ते फक्त कागदोपत्री आहे.”

कागदोपत्री लग्नं पकडणं हेच त्या बाईंचं काम होतं. त्यांनी सावकाश चष्मा चढवला.

“परत सांगाल?”

काकांना वाटलं, मुद्दा आवडला. त्यांनी तो परत, जरा वरच्या पट्टीत सांगितला. “ओन्ली फॉर पेपर्स! खरं लग्न डिसेंबरमध्ये. तोपर्यंत मुलगा आमच्याकडे फक्त रविवारी येतो. मी स्वतः दोघांच्या मधे बसतो.”

“मधे?”

“सोफ्यावर.”

बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान खाली घालून होकार दिला. काकांनी तेवढ्यात बॅगेतून लग्नाची पत्रिका काढली, गणपती छापलेली, आणि टेबलावर ठेवली. “तुम्ही यायचं. सहकुटुंब. जेवण शाकाहारी आहे, पण भरपूर आहे.”

मला पुण्याचं विमान दिसू लागलं. बाईंनी पत्रिका उलटसुलट पाहिली, मग तोंडावर हात धरला, आणि बराच वेळ खांदे हलवत हसत बसल्या. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, “खोटी जोडपी एकमेकांच्या टूथब्रशचा रंग पाठ करून येतात. यांना घेऊन कोणी येत नाही.”

काकांनी हे कौतुक म्हणून स्वीकारलं.

“पण मला फाइलमध्ये काहीतरी ठेवायला हवं,” बाई म्हणाल्या. “दोघांचा पत्ता एक असल्याचा पुरावा पाठवा. लवकर.”

“मुहूर्त डिसेंबरचा आहे, मॅडम.”

“सर, माझा या महिन्याचा आहे.”

परतीच्या ट्रेनमध्ये काका खिडकीबाहेर बघत होते. नेपरव्हिल आलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “तिने पत्ता एक म्हटलंय,” ते म्हणाले. “मजल्याबद्दल काही बोलली नाही.”

अशा रीतीने मी सासुरवाडीच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलो. एका बाजूला घर गरम ठेवणारी भट्टी, दुसऱ्या बाजूला डिसेंबरच्या पुरणपोळ्यांनी भरलेला फ्रीझर. बायको दोन मजले वर. मधल्या मजल्यावर काका, रिमोट घेऊन. माझ्या नावाची पत्रं त्या पत्त्यावर यायला लागली, काकांनी आम्ही एकाच छपराखाली राहतो असं नोटरीसमोर लिहून दिलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. रूममेटने माझी जुनी खोली दुसऱ्याला दिली आणि मला फोन करून सांगितलं, की तो आता माझ्यातून बाहेर पडलाय.

कार्ड नोव्हेंबरात आलं, बर्फाच्या पहिल्या दिवशी. सासूबाईंनी ते देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं. माझे आईवडील पुण्याहून स्पीकरफोनवर होते. काका उभे राहिले. आजपासून हा मुलगा या भूमीचा कायमचा रहिवासी झाला, ते म्हणाले. कायम या शब्दाचं वजन आजच्या पिढीला कळत नाही. संस्था येतात-जातात, पण जे कायमचं आहे ते कायमचं आहे. स्पीकरफोनमधून आईचे हुंदके ऐकू आले. बायको माझ्या शेजारी उभी होती, मधे कोणीही नव्हतं.

सासूबाईंनी पदराने कार्डावरचं कुंकू पुसलं आणि कार्ड चष्म्याजवळ धरलं.

“अहो, यावर तर मुदत दोनच वर्षांची आहे,” त्या काकांना म्हणाल्या.

लग्न नवीन असलं की कायमचं कार्ड दोन वर्षांचंच देतात. त्यानंतर लग्न अजून चालू आहे असा दोघांनी मिळून नवा अर्ज करायचा असतो.