जंतू पाळणाऱ्या बाई

आमच्या धानोऱ्यात लोक कोंबड्या पाळतात, शेळ्या पाळतात, एखाद्याच्या दारात पोपटही असतो. बुरशीबाई जंतू पाळायच्या. बारीक काचेच्या नळ्यांत ते फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलेले असत, आणि त्यांना वेळच्या वेळी नवं खाद्य घालायला बाई कधी चुकल्या नाहीत. वीज जाऊन लवकर आली नाही की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. मग समोरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणायला मला पिटाळायच्या. शेडमध्ये काम करणाऱ्या बाया चेष्टा करायच्या, “बाई, तुमचे लेकरं जेवले का?” बाई न हसता म्हणायच्या, “जेवले. आता कामाले लावते त्याईले.”

आमच्या महिलांच्या गटानं मोहाच्या बियांचं तेल, जंगलातला मध आणि कोरफड वापरून अंगाला लावायची क्रीम आणि जेल करायला घेतली होती. हा माल खराब होऊ नये म्हणून त्यात कोणतं प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं, किती घालायचं, आणि घातलेलं खरंच काम करतं का, हे बघायला बाई आल्या होत्या. त्या चंद्रपूरच्या. तिथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीला अवकाश असताना नोकरी सोडून आमच्या जंगलात का आल्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी, सुषमा, नुकती बी.एस्सी. झालेली, त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बुरशीनं गच्च भरलेली काचेची थाळी बायांसमोर धरली आणि म्हणाल्या, “हे तुमच्या क्रीममधून निघालं.” त्या दिवसापासून त्यांचं नाव बुरशीबाई पडलं. त्यांनाही ते आवडत असावं. फोनवर स्वतःच सांगायच्या, “हो, बुरशीबाईच बोलून राह्यली.”

त्यांची परीक्षा उलटी होती. चांगल्या, ताज्या डबीत त्या स्वतःच्या हातानं पाळलेले जंतू सोडायच्या आणि डबी महिनाभर ठेवून द्यायच्या. मधूनमधून त्यातला कणभर माल थाळीवर पसरून बघायचा. जंतू मरत गेले तर माल पास, तगून राहिले तर नापास. नुसत्या तेलाच्या मलमाची त्यांना फार काळजी नसे. पण कोरफडीचा गर पातेल्यात पडला की त्या खुर्चीवरून उठायच्या. “पाणी आलं का जीव आला,” असं म्हणायच्या. फिनॉक्सीइथेनॉल हे एक प्रिझर्व्हेटिव्ह. आमच्या बायांना ते म्हणता येईना, म्हणून त्याची झाली फिनामावशी. बेंझोएट हे दुसरं. ते माल थोडा आंबट असला तरच काम करतं, म्हणून त्याला आंबटतोंड्या. “आज मावशी टाकू का आंबटतोंड्या?” असं विचारलं जायचं आणि बाई शांतपणे रंग बदलणारी कागदाची पट्टी मालात बुडवून आंबटपणा बघत बसायच्या.

एकदा त्यांनी प्रत्येक बाईला एकेक डबी घरी वापरायला दिली आणि अर्धी झाल्यावर परत मागितली. परत आलेल्या डब्यांत काय नव्हतं? एकीत हळद, एकीत केस, एकीत नातवाच्या बोटांचे खड्डे, एकीत न्हाणीतलं पाणी. बाईंनी त्या सगळ्या तपासायला घेतल्या तेव्हा गटाच्या अध्यक्ष गिरजाबाई चिडल्या. बोधली गावाकडे त्यांची धानाची शेती, आवाज खणखणीत. “म्हणजे आमी गलिच्छ हाओ का?” बाई म्हणाल्या, “नाई वं गिरजा. तुमी माणसं हा. माणूस बोट बुडवणारच. डबीनं ते सोसलं पाहिजे.”

पण बाईंच्या वागण्यात काहीतरी अंगावर येणारंही होतं. त्या स्वतः चेहऱ्याला काही लावत नसत. हिवाळ्यात ओठ फुटून रक्त यायचं तरी नाही. बोलता बोलता मध्येच थांबून मागे वळून बघायच्या, जणू कुणी हाक मारली आहे. एखादा माल पास करण्याआधी तर हमखास. “बाईच्या मागं कोनीतरी हाय,” असं बाया दबक्या आवाजात म्हणायच्या. आणि कुणी डब्यात द्राक्षं आणली, तर बाई जेवण अर्धवट टाकून बाहेर जायच्या. मला वाटायचं, असेल एखादं पथ्य.

मग पुण्याहून एक व्यापारी आले. बोलायला गोड, सभ्य गृहस्थ. आमची कोरफडीची जेल त्यांना फार आवडली. वर्षभर माल घ्यायला तयार होते. अट एकच, डबीवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं लिहायचं आणि खरोखरच घालायचं नाही. “कडुनिंब घाला, हळद घाला,” ते म्हणाले, “निसर्गच सांभाळून घेतो.” बायांचे चेहरे उजळले. त्या उन्हाळ्यात विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायला जंगलात जावं लागणार नव्हतं. वाघाच्या, अस्वलाच्या भीतीनं टाळ्या वाजवत फिरावं लागणार नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, “आधी तपासू.”

कडुनिंबाच्या अर्काची, हळदीची, तुळशीच्या तेलाची जेल केली. जंतू सोडले. महिना सरत आला त्या सकाळी मी थाळ्या बाहेर काढल्या. झाकण उचललं तर खोलीत गोडसर वास पसरला, पिकलेल्या द्राक्षांसारखा. थाळीवर हिरवट, चकाकती साय आली होती. मी म्हटलं, “बाई, हे बघा ना, कसा रंग आहे!” वळून पाहिलं तर बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. थाळी झाकून ठेवून मी त्यांना बाहेर पायरीवर नेऊन बसवलं.

तिथं त्या बोलू लागल्या. माझ्याकडे न बघता.

“माही लहान बहीण हाय, कुंदा. तिचं लग्न ठरलं होतं. मी नवीनच एम.एस्सी. झाली होती. अंगात मस्ती होती. घरच्या कोरफडीची जेल केली तिच्यासाठी. म्हटलं, यात काहीच मिसळलं नाई, एकदम शुद्ध. ती रोज डोळ्याखाली लावे. त्यातच कापसाच्या कामात डोळ्यात कचरा गेला, खरचटलं. नागपूरले नेईपर्यंत डोळा गेला होता.” मग म्हणाल्या, “उरलेली जेल मी कॉलेजात नेऊन पाहिली. अशीच हिरवी थाळी. असाच वास.”

“मग?”

“मग काही नाई. लग्न मोडलं. मी कोणाले सांगितलं नाई. कुंदानं कधी विचारलं नाई. एकदा जरी विचारलं असतं ना सुषमा, ‘ताई, तुया जेलनं झालं का?’ तर मी हो म्हटलं असतं. ती विचारतच नाई. सणाले गेली तर चहा करून देते, अन् एका डोळ्यानं पाहत बसते. म्हणून मी जाणं सोडलं.”

दुपारी त्यांनी बायांना सांगितलं, ही जेल अशी विकायची नाही. बहिणीचं त्यांना काही सांगितलं नाही. नुसती थाळी दाखवली. गिरजाबाई उभ्या राहिल्या. “तुमीच जंतू सोडले, अन् तुमीच म्हनता जंतू निघाले! बाजारात कोन सोडते जंतू? एका थाळीपायी आमच्या पोटावर पाय देता का?” बाई म्हणाल्या, “बाजारात बोट सोडते, गिरजा. नातवाचं बोट.” त्यांनी व्यापाऱ्यांना फोन करून विनवलं, की पाणी नसलेलं, नुसत्या तेलाचं मलम घ्या, त्यात खरंच काही घालावं लागत नाही, तुमचा मजकूर खोटा ठरणार नाही. त्यांना जेलच हवी होती. ते दुसरीकडे गेले.

तो उन्हाळा वाईट गेला. शेड ओस पडली. बाया पहाटे तेंदूपत्त्याला जंगलात जायच्या. बाई मात्र रोज वेळेवर येऊन जंतूंना खाद्य घालायच्या. रस्त्यात गिरजाबाई दिसल्या तर त्या तोंड फिरवायच्या. त्याच दिवसांत जंगलात अस्वलानं आमच्यातल्या एका बाईचा खांदा फाडला. बाई मला घेऊन तिला बघायला गडचिरोलीच्या दवाखान्यात गेल्या, तर तिच्या सासूनं त्यांना आत येऊ दिलं नाही. परतीच्या बसमध्ये बाई मला म्हणाल्या, “एक डोळा वाचवाले गेली, अन् हिचा खांदा गेला. कोणतं बरोबर होतं, सांग बरं.”

पुढे नागपूरच्या एका दुकानानं मलम घेतलं, मग आंबटतोंड्या घातलेली जेलही घेतली. शेड पुन्हा सुरू झाली, लहान प्रमाणात पण सुरू. खांदा फाटलेली बाई डाव्या हातानं डब्यांना झाकणं लावू लागली. गिरजाबाई बाईंशी पुन्हा बोलू लागल्या, कामापुरतं. पण बाई थकल्या होत्या. पोटाचं दुखणं निघालं, उशिरा कळलं. चंद्रपूरला परत जाताना फ्रिजमधल्या नळ्या माझ्या ताब्यात देऊन म्हणाल्या, “याईले उपाशी ठेवू नोको. हे मेले तर आपल्याले कायचीच खात्री राहणार नाई.” दिवाळीनंतर त्या गेल्याचा फोन आला.

महिन्याभरानं दुपारच्या एसटीनं एक बाई आल्या. सुती साडी, एक डोळा काचेचा. दारात उभं राहून म्हणाल्या, “जय भीम. मी कुंदा. ताई इथी काम करे ना?” मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्या सगळं हात लावून बघत होत्या. टेबल, सूक्ष्मदर्शक, बाईंचा खुंटीवरचा पांढरा कोट. मग एकदम विचारलं, “ताईनं माया डोळ्याचं तुमाले काही सांगितलं होतं का?”

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण बाई त्या प्रश्नाची वाट बघत बघत गेल्या होत्या. मी सगळं सांगितलं, कॉलेजातली थाळीसुद्धा.

कुंदाताई कोटाच्या बाहीची शिवण चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “मले मालूम होतं.”

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

“जेल खराब झाली होती ना. वरून पाणी सुटलं होतं. मले दिसलं होतं ते. तरी हलवून लावली. ताईनं एवढ्या हौसेनं केली, फेकाची कशी? हे तिले सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मायासाठी डोळा गेला. म्हणून मी गप राह्यली.” त्यांनी कोटाची बाही सोडली. “अन् तिनं येणं सोडलं, तवा वाटलं, माया चेहरा तिले पाहवत नाई. एवढे वर्षं मले तेच वाटलं.”

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. जाताना त्यांनी एक डबी मागितली, कोरफडीची. बस येईपर्यंत ती हातात धरून बसल्या होत्या, उघडली नाही. गडचिरोलीची गाडी लागली, त्या खिडकीशी बसल्या, आणि गाडी सुटताना चांगल्या डोळ्याची बाजू माझ्याकडे करून त्यांनी हात हलवला.

मी परत आले. बाहेर पातेल्यात माल घोटला जात होता. मी आत गेले, दार लोटलं आणि बाई उभ्या राहायच्या त्या जागेकडे बघून मोठ्यानं म्हणाले, “बाई, कुंदाले मालूम होतं. तिनं जाणूनच लावली होती. तिचा राग नव्हता.”

बाहेर घोटण्याचा आवाज थांबला. गिरजाबाईंनी दारातून डोकं आत घातलं.

“कोनासंग बोलून राह्यली वं?”

“कोणासंगच नाई,” मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या जागेकडे. मग पदर डोक्यावर ओढून घेतला आणि आवाज न करता दार लावून घेतलं.