पहिल्या माशाला शाल-श्रीफळ

"लोक पळून का जायलेत?" शिंदे सरांनी विचारलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांना हाकलून दिलं.

लोक म्हणजे आमचा गेम खेळणारे. शिंदे सर म्हणजे बॉस. मी गेम टेस्टर. मोबाइलवरचा गेम बाजारात यायच्या आधी खेळायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या. परभणीत बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. माणसं चार. पुण्याच्या एका क्लायंटसाठी केलेला आमचा मासेमारीचा गेम नुकताच बाजारात आला होता. येलदरी धरणाच्या पाण्याकाठी बसायचं, गळ टाकायचा, मासा ओढायचा. क्लायंटनं बजावलं होतं, महिनाअखेर रिटेन्शन वाढलं नाही तर प्रोजेक्ट बंद. रिटेन्शन म्हणजे आज खेळलेला माणूस उद्या परत येतो का. आणि प्रोजेक्ट बंद म्हणजे आम्ही चौघं घरी.

त्यावर सरांचा उपाय होता अचीव्हमेंट्स. खेळणाऱ्यानं काही केलं की गेम त्याची पाठ थोपटतो, एक बिल्ला देतो. पहिला गळ टाकला, घ्या बिल्ला.

"सर, गळ टाकल्याशिवाय गेम पुढं सरकतच नाही. मग कौतुक कशाचं?"

"मॅडम, कौतुक कुणाला नको असतंय? आपल्याकडं नुसता वाढदिवस आला तरी चौकात बॅनर लागतंय."

हे बाकी खरं होतं. त्यात बिल्ला सरांना परका वाटला. म्हणून पहिला मासा आला की स्क्रीनवर शाल, श्रीफळ, सनई आणि टाळ्या. आमच्या आर्टिस्टनं नुसत्या नारळाच्या शेंडीवर दोन दिवस घालवले.

आणि रिटेन्शन वाढायचं सोडून धाडकन पडलं. लोक पहिला मासा धरत, सत्कार घेत आणि गायब होत. मला वाटलं, बग असेल. म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. फोन बदलून पाहिले, नेट बंद करून पाहिलं. काही सापडेना. डोकं उठलं आणि घरी गेले.

घरी माझ्या बिनपगारी टेस्टर असतात, सासूबाई. चारठाण्याला उभा जन्म अंगणवाडी चालवली, रिटायर झाल्यावर आमच्याकडं आल्या. रोज माशांना शिव्या घालत गेम खेळायच्या. शाल-श्रीफळाचं नवं व्हर्जन मीच आदल्या दिवशी त्यांच्या फोनवर टाकलं होतं. आज फोन पालथा पडलेला.

"आई, खेळत नाही का?"

"झालं की. सत्कार केला त्यानं. शाल दिली, नारळ दिला. आता कशाला बसायचं तिथं?"

"अहो, अजून कितीतरी मासे आहेत."

"मलाबी वाटलं व्हतं, अजून लेकरं हायत. मला शाल दिली, अन् त्याच हातानं अंगणवाडीची किल्ली मागून घेतली. सत्कार म्हंजे काय बाई, आता उठा म्हणायची रीत हाय."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"मग परत कशासाठी बसाल?"

"ती मरळ! मागल्या आठवड्यात माझा तंगूस तोडून गेली, मेली. ती पायजे मला."

तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. आमच्या अख्ख्या गेममध्ये लक्षात राहिलेली एकच गोष्ट, आणि तिच्यासाठी आम्ही बिल्ला ठेवलाच नव्हता.

सकाळी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "क्लायंटला काय सांगू? सासूबाई म्हणल्या?"

"युजर रिसर्च केला म्हणा."

शाल काढली. आर्टिस्ट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता सुटून गेलेला मासा काही दिवसांनी परत दिसतो, तोंडात तुमचाच गळ घेऊन. धरलात तर टाळ्या नाहीत. तो जुना गळ तेवढा तुमच्या डब्यात जमा होतो. लोक परत यायला लागले. सासूबाई तर देवपूजेच्या आधी पाण्यावर हजर. प्रोजेक्ट वाचलं.

क्लायंट एवढा खूश झाला की स्वतः परभणीला आला. हॉटेलात कार्यक्रम ठेवला. आम्हा चौघांना शाल, श्रीफळ आणि वर 'अचीव्हर' लिहिलेली एकेक ट्रॉफी. सर भाषणात इतके गहिवरले की वाक्यच पुरं होईना. मीसुद्धा फोटोत दात काढून उभी होते.

घरी येऊन शाल खुर्चीवर टाकली. सासूबाईंनी मासा ओढता ओढता विचारलं, "कुणी दिली?"

"क्लायंटनं. सत्कार केला आमचा."

"मंग दुसरीकडं अर्ज टाक."

सोमवारी मेल आला. गेम उत्तम चाललाय, त्यामुळं पुढचं काम पुण्याची टीम बघेल. आपल्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार.

नारळाची चटणी केली, बरी झाली. आता नव्या ठिकाणी काम करते. तिथं कुणी टाळ्या वाजवायला लागलं की मी आधी ऑफिसची किल्ली पर्समध्ये आहे का ते चाचपून बघते.